माठातले पाणी किती थंड?

प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडी भागात मी गेली काही वर्षे पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रश्न हमखास विचारतो. ‘माठातले पाणी थंड का होते?’ उत्तर सगळ्यांना पाठ असते. माठाला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून पाणी झिरपते, त्याचे बाष्पीभवन होते, बाष्पीभवनाला लागणारी उष्णता माठातल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून पाणी थंड होते. शाब्बास! पूर्ण गुण.

मग मी दुसरा प्रश्न विचारतो. ‘किती थंड होते?’ इथे शांतता पसरते. कुणी छताकडे पाहतो, कुणी शेजारच्या टेबलावरच्या स्पेक्ट्रोमीटरकडे. एकाने ‘फ्रिजइतके नाही, सर’ असे चातुर्याने सांगितले होते. पण ज्या पाण्याचे रोज चार पेले पोटात जातात, ते वीस अंशाचे आहे की तिसाचे, हे त्यालाही सांगता आले नाही. या मुलांनी बारा वर्षे विज्ञान शिकलेले असते. त्यांच्या घरी माठ असतो. शाळेच्या कपाटात तापमापक असतो. फक्त माठ आणि तापमापक यांची आयुष्यात कधी गाठ पडलेली नसते.

आजचा हा लेख त्या गाठीविषयी आहे. तुम्हांला आता उन्हाळ्याची सुटी लागेल. त्या सुटीतली साधी सुखे, म्हणजे माठाचे पाणी, सडा घातलेले अंगण, गच्चीवरची झोप, अढीतले आंबे, ही केवळ आठवणी काढायच्या गोष्टी नाहीत, असे माझे मत आहे. ते पदार्थविज्ञानाचे उत्तम धडे आहेत आणि येत्या काळात त्यांवर आपली प्रकृती, काहींचे तर प्राणही, अवलंबून राहणार आहेत. हे जरा मोठे विधान झाले. म्हणून क्रमाने सांगतो.

मी लहानाचा मोठा झालो अकोल्यात. आजोळ मात्र मालवणजवळ. मे महिन्यात आम्ही दोन दिवसांचा प्रवास करून आजोळी जात असू. तिथे समुद्र होता, फणस होते, कोकमाचे सरबत होते, सगळे होते. पण माठाचे पाणी मात्र थंड नसे. पहिल्या दिवशी तहानेने घसा कोरडा पडलेला असे. मी धावत जाऊन माठात ओगराळे बुडवी आणि पहिल्याच घोटाला निराशा होई. पाणी कोमट नसे, पण निवलेलेही नसे. अकोल्याला याहून कितीतरी जास्त ऊन, अंगाची काहिली होणारे. आणि तिथले पाणी मात्र दात शिवशिवतील असे गार! लहानपणी मी याचे उत्तर शोधून काढले होते. कोकणातल्या कुंभारांना माठ घडवता येत नाहीत! मी हे मामांना ऐकवलेही. त्यांनी रागावण्याऐवजी पुढच्या वर्षी येताना अकोल्याचा एक माठ घेऊन ये, असे सांगितले. आईने तो खरोखरच पेंढ्यात गुंडाळून आणला. आठ दिवस आम्ही दोन्ही माठ शेजारी शेजारी ठेवले. अकोल्याच्या माठानेही मालवणात हात टेकले. कुंभार निर्दोष सुटला, पण कोडे सुटले नाही. ते नीट सुटायला मला एम. एस्सी. पर्यंत थांबावे लागले. खरे तर तसे थांबण्याची काहीही गरज नव्हती.

दोन साधे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती मलमलीचे किंवा जुन्या धोतराचे पातळ फडके गुंडाळा आणि त्याचे टोक पाण्याच्या छोट्या बाटलीत सोडा, म्हणजे फडके ओले राहील. दुसरा तापमापक कोरडाच राहू द्या. दोन्ही सावलीत टांगा आणि पुठ्ठ्याने पाच मिनिटे वारा घाला. कोरडा तापमापक हवेचे तापमान दाखवील. ओला मात्र खाली खाली उतरत जाऊन एका ठिकाणी थांबेल. तो जिथे थांबतो, त्याच्या खाली त्या दिवशी, त्या जागी, बाष्पीभवनाने कोणतीही वस्तू थंड करता येत नाही. माठ कितीही चांगला असो, कूलर कितीही महागाचा असो, ही तळाची पायरी ओलांडता येत नाही. तिला ‘ओल्या तापमापकाचे तापमान’ म्हणतात.

आता आकडे पाहा. अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी हवेचे तापमान ४२ अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला तापमापक २२ अंशांच्या आसपास थांबतो. मालवणला त्याच दुपारी हवा ३३ अंशांची, पण आर्द्रता ७० टक्के असेल, तर ओला तापमापक २८ अंशांच्या खाली जात नाही. म्हणजे अकोल्याच्या माठाला वीस अंश उतरायला मोकळीक असते आणि मालवणच्या माठाला जेमतेम पाच! प्रत्यक्षात माठ त्या तळाच्या पायरीच्या दोन-चार अंश वरच थांबतो, कारण बाहेरची गरम हवा त्याला सतत तापवीत असते. माझ्या लहानपणच्या कोड्याचे सगळे उत्तर या चार आकड्यांत आहे. जास्त उन्हाच्या गावचे पाणी जास्त गार, कारण तिथली हवा कोरडी.

यासाठी किती पाणी खर्ची पडते, तेही काढून पाहू. तीस अंशांच्या आसपास एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. पुस्तकात हिला अप्रकट उष्मा म्हणतात. आमच्या वेळी सुप्त उष्मा म्हणत. दहा लिटर पाणी ४० अंशांवरून २५ अंशांवर आणायचे, म्हणजे दहा हजार ग्रॅम गुणिले पंधरा, दीड लाख कॅलरी बाहेर काढायच्या. भागिले ५८०. उत्तर येते सुमारे २६० ग्रॅम. पाव लिटर पाणी स्वतः उडून जाते आणि दहा लिटरांना गार करून जाते. बाहेरून येणाऱ्या उष्णतेसाठी आणखी थोडे धरा. वीज शून्य. माझ्या वर्गात हे गणित फळ्यावर केले की मुले माना डोलावतात. पण एका मुलाने एकदा घरी माठाखाली परात ठेवून, काट्यावर माठ सकाळ-संध्याकाळ वजन करून, खरोखर किती पाणी उडाले ते लिहून आणले होते. त्याचे उत्तर माझ्या उत्तराहून बरेच जास्त आले. का आले, यावर आमची दोन तास चर्चा झाली. ते दोन तास मी वर्षभराच्या सगळ्या तासांवरून ओवाळून टाकीन.

जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवतो. आमच्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात माठ लवकर ‘म्हातारा’ होतो. पाणी उडून जाते आणि क्षार छिद्रांतच राहतात. छिद्रे बुजली की माठ झिरपत नाही. माठावर पांढरा थर दिसू लागला की समजावे. दरवर्षी नवा माठ घ्यावा, या बायकांच्या आग्रहामागे हे कारण आहे. तो आग्रह खर्चिक वाटत असेल, तर तापमापक लावून पाहावा. जुन्या माठाला अकारण निवृत्तही करू नये.

आता मघाच्या मोठ्या विधानाकडे येतो. तुमचे शरीर हाही एक माठच आहे. नुसते बसून असलेल्या मोठ्या माणसाच्या शरीरातसुद्धा पाऊणशे ते शंभर वॅट उष्णता सतत तयार होत असते. म्हणजे जुन्या पद्धतीचा एक दिवा आत पेटलेलाच असतो. हवा थंड असेल तर ही उष्णता आपोआप बाहेर पडते. पण हवाच ३६-३७ अंशांच्या वर गेली, की घाम उडून जाणे हा एकच मार्ग उरतो. आणि घामालाही तीच तळाची पायरी लागू आहे. ओला तापमापक ३५ अंशांवर गेला, तर निरोगी माणूस सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसला तरी फार तास जगू शकणार नाही, असे गणित २०१० साली मांडले गेले. पुढे २०२२ साली अमेरिकेत तरुण, धडधाकट माणसांवर काळजीपूर्वक प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत त्यांची मर्यादा त्याहून बरीच खाली, ३१ अंशांच्या आसपासच आढळली. म्हाताऱ्यांची आणि आजाऱ्यांची आणखी खाली असणार, हे उघड आहे. वर मालवणचा आकडा किती होता? २८. आता लक्षात येईल, की किनाऱ्यावर ‘फक्त तेहतीस अंश आहे’ असे म्हणून कुणालाही उन्हात राबवणे किती अज्ञानाचे आहे.

ही पुस्तकी भीती नाही. २०१० सालच्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची लाट आली, तेव्हा त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले. त्यातून धडा घेऊन तेथील महापालिकेने २०१३ साली उष्णतेला तोंड देण्याचा आराखडा केला. पुढे झोपडपट्टीतली छपरे पांढरी रंगवण्याचे कामही हाती घेतले. आपल्याकडे १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावर भर उन्हात मोठा समारंभ झाला आणि उष्माघाताने १४ जण दगावले. खारघर खाडीकाठी आहे. तिथे नुसता कोरडा तापमापक पाहून भागत नाही. आपल्या बातम्यांत मात्र अजूनही एकच आकडा मोठ्या अक्षरांत येतो, आज अमुक शहर ४५ वर! ओल्या तापमापकाचा आकडा वाचल्याचे मला आठवत नाही. तुमच्या घरी दोन तापमापक असतील, तर निदान तुमच्या गल्लीपुरता तो तुम्ही काढू शकाल. घरात आजी-आजोबा असतील तर काढायलाच हवा.

हे मी इतक्या जोराने सांगतो आहे, त्याला कारण आहे. माझ्याच घरात मी हा मूर्खपणा केला आहे.

आमच्या घरापुढे छोटे अंगण होते. एका कडेला कडुनिंब, भिंतीलगत मोगऱ्याचा वाफा, बाकी सगळी माती. उन्हे कलली की आई सडा घालत असे. धुणे-भांड्यांचे, तांदूळ धुतलेले, असे जे काही पाणी दिवसभरात साठे, ते ती हाताने शिंपडत जाई. मग मातीचा तो वास सुटे, मोगरा उमले, आणि बाज बाहेर निघे. रात्री आई तिथेच झोपे. २०१६ साली मी अंगणात सिमेंटच्या चौकोनी लाद्या बसवून घेतल्या. चिखल नको, गाडी लावायला जागा हवी, आणि शेजाऱ्यांनी बसवल्या होत्या. आई एवढेच म्हणाली, ‘रात्री मी कुठे झोपू?’ मी म्हणालो, ‘आत कूलर लावून देतो की.’ वीस वर्षे अप्रकट उष्मा शिकवणाऱ्या माणसाचे हे उत्तर!

पुढच्या मे महिन्यात एका रात्री वीज गेली. कूलर बंद पडला. खोलीत ओलसर, कोंडलेली हवा भरून राहिली. आई उठून अंगणात आली, पण लाद्या रात्री अकरा वाजताही तापलेल्या होत्या. पहाटे ती मोरीजवळ पडलेली सापडली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलेत. सलाइनच्या दोन बाटल्यांनंतर ती मला ओळखू लागली.

ती घरी आल्यावर मी तापमापक घेऊन अंगणात बसलो. काम आधी करायचे होते, ते नंतर केले. गंमत म्हणजे, दुपारी दोन वाजता कोरडी माती आणि सिमेंट यांत फारसा फरक सापडला नाही. कडुनिंबाखाली उरलेली मोकळी मातीची पट्टी सोडली, तर उघडी माती काही जागी लाद्यांहूनही जास्त तापलेली होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ‘माती थंड असते’ असे सरसकट म्हणणारे बरेच लोक भेटतात. माती थंड नसते. फरक पडतो तो सूर्य मावळल्यावर. कोरड्या मातीत उष्णता खोल जातच नाही, वरवरच राहते आणि लवकर निघून जाते. सिमेंट दिवसभर उष्णता आतवर साठवते आणि मध्यरात्रीपर्यंत सावकारासारखे हप्त्याहप्त्याने परत करते. शिवाय मातीवर शिंपडलेले पाणी मुरते आणि तास-दोन तास हळूहळू उडत राहते. लाद्यांवरचे पाणी पाच मिनिटांत वाफ होऊन जाते किंवा गटारात वाहून जाते. थंडावा जो मिळायचा तो त्या हळूहळू उडण्यात असतो. पुढच्या वर्षी मी निम्म्या लाद्या उखडल्या. गाडी आता रस्त्यावर उभी असते आणि तिच्यावर कडुनिंबाची पाने पडतात.

झाडाच्या सावलीविषयीही असाच एक गैरसमज मोजून दूर करता येतो. एकट्या झाडाखाली हवेचे तापमान बाहेरच्यापेक्षा फार तर दोन-तीन अंशांनी कमी असते. मग एवढे बरे का वाटते? भर दुपारी उन्हाच्या दिशेने धरलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे एक हजार वॅटचा सूर्यप्रकाश पडत असतो. म्हणजे चालू इस्त्रीएवढी उष्णता! झाड ती आपल्या अंगावर घेते, तेवढ्यावरच न थांबता पानांतून पाणी सोडून स्वतःही थंड राहते. पत्र्याची शेडही ऊन अडवते, पण ती स्वतः तापून वरून आपल्याला भाजत राहते. दोन्हींखाली हात वर करून पाहा. तळहात हाही वाईट तापमापक नाही.

सड्याचे एवढे कौतुक केल्यावर एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. पाणी कुठे आहे? २०१६ सालच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले होते. ज्या गावात टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते, तिथल्या मुलीला ‘संध्याकाळी अंगणात सडा घाल आणि मोगऱ्याचा वास घे’ असे सांगणे ही थट्टा होईल. शिवाय जुन्या काळच्या या सुखांसाठी पाणी कोण वाहत होते? बहुतेक घरांत बायकाच. माझ्या आजीच्या डोक्यावरचे केस घागरीच्या चुंबळीने विरळ झाले होते. म्हणून ‘पूर्वीचे दिवस किती छान’ हा सूर मला धरायचा नाही. पण हिशोब पाहा. माठाला दिवसाला जे पाणी लागते, त्याहून कितीतरी जास्त आपण नळ सोडून तोंड धुताना घालवतो. सड्याला वापरलेले पाणी चालते. जिथे तेही नाही, तिथे सावली, चुन्याने पांढरे केलेले छप्पर आणि रात्री उघडी राहणारी खिडकी, यांना पाणी अजिबात लागत नाही.

फ्रिज आणि वातानुकूलन यंत्रे यांच्याविरुद्धही माझे भांडण नाही. आजाऱ्याचे इन्सुलिन माठाशेजारी ठेवून चालत नाही. दमट किनाऱ्यावर, ओला तापमापकच तिशीकडे चढला की, माठ आणि कूलर दोघेही हरतात. तिथे म्हाताऱ्या माणसाला यंत्राची गरज पडू शकते, आणि ती मान्य करावी. पण यंत्र खोलीतली उष्णता नाहीशी करीत नाही. ते ती उचलून बाहेर टाकते, आणि वर स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णताही बाहेरच टाकते. बाहेर म्हणजे कुठे? तर ज्याच्याकडे यंत्र नाही, त्याच्या खिडकीसमोर. फ्रिजचे दार उघडे ठेवून खोली गार होईल का, हा प्रश्न मी अकरावीत विचारतो. बहुतेकांचे उत्तर चुकते. तुम्ही विचार करून ठेवा.

आता थोडे गच्चीवर जाऊ. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून, दोन तासांनी गाद्या टाकून झोपलेल्यांना एक अनुभव असेल. पहाटे चारच्या सुमारास चक्क गोधडी ओढून घ्यावी लागते. हवा तर तेवढी थंड नसते. मग काय होते? उघड्या, कोरड्या, निरभ्र आकाशाकडे जमीन, गादी, तुमची पांघरुणे, सगळेच अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता सोडत असतात आणि आकाशाकडून त्या मानाने फार थोडी परत येते. ढग आले की ते पांघरुणासारखे ती परत पाठवतात, म्हणून ढगाळ रात्र उकाड्याची. हे तत्त्व आपल्या लोकांनी फार पूर्वी कामाला लावले होते. सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज सेनाधिकाऱ्याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादकडे बर्फ कसा करतात याची हकिकत दिली आहे. हिवाळ्याच्या रात्री उघड्या मैदानात खड्डे करून त्यांत उसाचे पाचट पसरायचे, त्यावर मातीच्या उथळ, कच्च्या थाळ्या ठेवायच्या, त्यांत पाणी ओतायचे आणि सूर्य उगवण्यापूर्वी बर्फ गोळा करायचा. आसपासच्या तळ्यांत बर्फाचा पत्ता नसे, पण थाळ्यांत बर्फ! आकाशाकडे निघून जाणारी उष्णता, थोडे बाष्पीभवन, आणि खालून येणारी जमिनीची ऊब अडवणारे पाचट. आज इमारतींच्या छपरांना लावण्यासाठी असे लेप तयार होत आहेत, की जे भर दिवसासुद्धा याच मार्गाने आकाशाकडे उष्णता फेकतात. आपल्याच गच्चीवरची गोष्ट प्रयोगशाळेतून फिरून परत आली आहे.

आणि गच्चीवर पडल्या पडल्या सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवा. आधी नारिंगी स्वाती लागेल, मग पांढरीशुभ्र चित्रा. यासाठी काहीच मोजावे लागत नाही.

आइस्क्रीमच्या लाकडी पॉटाविषयी लिहायचे तर स्वतंत्र लेख होईल. बर्फात मीठ घातले की मिश्रण शून्याखाली जाते, अगदी उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकते, एवढे सांगून थांबतो. दांडा फिरवून हात दुखले तरच ते आइस्क्रीम खरे, हे मात्र विज्ञान नव्हे, माझे मत. अढीचे तसे नाही. कैऱ्या पेंढ्यात घालून ठेवल्या, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी अढीत हात घालून पाहा; ऊब लागते. पिकताना फळ जोराने श्वसन करते आणि त्याची उष्णता पेंढ्यात कोंडते. फळातून बाहेर पडणारा इथिलीन वायूही तिथेच कोंडतो आणि शेजारच्या कैरीला पिकण्याची सूचना देतो. एक तापमापक अढीत आणि एक खोलीत ठेवून आठ दिवसांचा आलेख काढा. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवायला कायद्याने बंदी का आहे, हेही या निमित्ताने आपल्या शिक्षकांना विचारा.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता थोडे तुमच्याशी. वरचे सगळे प्रयोग करायला विद्यार्थ्याला दोन वस्तू लागतात, दोन तापमापक आणि मोकळा वेळ. दोन्ही आपण त्याच्यापासून काढून घेतले आहेत. एप्रिलच्या शेवटी प्रयोगशाळेला कुलूप लागते आणि वर्षातल्या सर्वांत बोलक्या दीड महिन्यात तापमापक कपाटात पडून राहतात. एका शाळेत मी सुचवले, की वाचनालयातल्या पुस्तकासारखे हे तापमापक सुटीपुरते मुलांना घरी द्या. उत्तर मिळाले, ‘फुटला तर? डेडस्टॉकला नोंद आहे.’ भीती खोटी नाही. तपासणीच्या वेळी त्यांनाच उत्तर द्यावे लागते. पण पाऱ्याचे तापमापक घरी द्यावेत असे मीही म्हणत नाही. पारा विषारी आहे. तांबड्या अल्कोहोलचे साधे तापमापक घ्यावेत, फुटले तर वर्गाने वर्गणी काढून भरून द्यावेत, आणि नोंदवहीत तसा रकाना पाडावा. वीस तापमापकांतले पाच फुटले, तर मला तो शाळेचा तोटा वाटणार नाही. वीसच्या वीस दहा वर्षांनी नवेकोरे सापडले, तर तो मात्र नक्की तोटा.

वेळेचे काय? दहावीत जाणाऱ्या मुलांची ‘सुटीतली बॅच’ एप्रिलमध्येच सुरू होते. एका पालकांनी मला स्पष्टच विचारले, ‘सर, दीड महिना तो घरी बसून करणार काय?’ प्रश्न प्रामाणिक होता. आई-वडील दोघे कामावर, मूल एकटे, हातात मोबाइल, बाहेर ऊन. शिकवणीचा वर्ग निदान सुरक्षित तरी वाटतो. मी त्यांना दोष दिला नाही. एवढेच म्हणालो, की बॅच जूनपासून लावा, मे महिना त्याला माझ्या हवाली करा. रोज सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री नऊ वाजता, घरात आणि सावलीत, कोरडा आणि ओला, असे आकडे त्याने लिहायचे. दुपारच्या नोंदीला दोन मिनिटे पुरतात. उन्हात उभे राहायचे कारण नाही, डोक्यावर टोपी-रुमाल हवाच. मुलगा आधी कंटाळला. दहाव्या दिवशी त्याने विचारले, ‘सर, आमच्या वरच्या मजल्यावर रात्री नऊला दुपारच्या दोनपेक्षा जास्त तापमान का येते?’ त्या घराला सिमेंटची सपाट गच्ची आहे. उत्तर त्याने स्वतःच शोधले आणि वडिलांकडून गच्चीला चुना मारून घेतला.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही हे वाचून पान उलटू नये. गॅलरीत माठ राहतो, खिडकीला ओला पंचा टांगता येतो, मोगरा कुंडीत फुलतो. आणि मे महिन्यात एक गोष्ट तर सर्वांना फुकट पाहायला मिळते. सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. कोल्हापूरला हे ६ मेच्या सुमारास घडते, पुण्याला १३-१४ मे, मुंबईला १५-१६ मे, अकोल्याला २३ मेच्या आसपास आणि नागपूरला २६ मेच्या. वेळ साडेबाराच्या थोडी अलीकडे-पलीकडे. अक्षांश जसा वाढतो तशी तारीख पुढे सरकते. जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य परतताना पुन्हा तसाच येतो, पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात. आजोळ दुसऱ्या गावी असेल तर एकाच सुटीत दोनदा सावली हरवलेली पाहता येईल.

आमच्या घरी आता माठाशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली असते. आई आकडे लिहीत नाही. ती सकाळी माठावर तळवा ठेवते आणि काय ते सांगते. मग मी तापमापक घालून पाहतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस असा येतो, की आकाश कोरडेच असते, ऊनही तेवढेच असते, पण आई म्हणते, ‘आज पाणी निवायचं नाही.’ गेल्या वर्षीही ती तसे म्हणाली. ओला तापमापक आदल्या दिवशीपेक्षा तीन अंश वर थांबलेला होता. तिने माठ रिकामा केला, धुतला आणि मोरीजवळ पालथा घातला. पाऊस चौथ्या दिवशी आला.